पी-०४२० आला म्हणून लगेच कॅट बदलू नका

दहा-बारा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गाडी तशी पळते, पिकअपमध्येही फारसा फरक जाणवत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पडद्यावर पी-०४२० हा कोड येतो आणि निदान तिथेच संपतं, "कॅट गेलंय, बदलावं लागेल." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बसवलेला डबा. धूर स्वच्छ करणाऱ्या भागांत सगळ्यात महाग तोच. तो बदलला जातो, दिवा विझतो आणि काही महिन्यांनी पुन्हा लागतो. कॅट आपणहून क्वचित मरतं. कधी मिसिंगमुळे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडल्यामुळे, ते जळतं, कधी इंजिन खात असलेल्या ऑइलमुळे गुदमरतं. ते कारण जागच्या जागी राहिलं तर नवीन कॅटची गतही तीच होते. आणि कित्येकदा कॅट धडधाकट असतं, दोष भलतीकडेच असतो.

इथे विचार केला आहे तो बीएस-४, म्हणजे भारत स्टेज-४ या धुराच्या सरकारी नियमांत बसणाऱ्या पेट्रोल गाड्यांचा. बीएस-४ नियम १ एप्रिल २०१० ला देशातल्या १३ शहरांत लागू झाले, त्यांत आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. देशभर ते लागू झाले १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक पुण्यात नोंदलेली आणि एक छोट्या जिल्ह्याच्या गावी, वेगवेगळ्या नियमांच्या असू शकतात. आरसी बुकात आधी ते बघून घ्या. कॅटच्या कामगिरीवर नजर ठेवण्याची सक्ती आली ती १ एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांत. अशा गाडीत कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. मागचा सेन्सरच नसेल तर पी-०४२० येऊच शकत नाही.

कोड नेमकं काय सांगतो

कॅटच्या डब्यात चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो, सोबत सेरियमचं संयुग. धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं रूपांतर घडवतात. सेरियमचं काम वेगळं. धुरात ऑक्सिजन जास्त असला की ते साठवून घेतं, कमी पडला की सोडतं. पाण्याच्या टाकीसारखं समजा, नळ मध्येच येतो-जातो पण घरात पाणी सारखं चालू राहतं.

गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल आणि हवेचं प्रमाण १ ला १४.७ च्या आसपास ठेवण्यासाठी मिश्रण सतत किंचित जाड, किंचित पातळ करत राहतो. म्हणून पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान खालीवर नाचतो. कॅटमधली ऑक्सिजनची टाकी शाबूत असेल तर हे चढउतार आतच जिरतात आणि मागच्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ व्होल्टजवळ जवळपास सपाट राहते. टाकी आटली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागतो. ईसीयू या दोन रेघांची तुलना करतो, आणि सलग दोन फेऱ्यांत त्या सारख्या दिसल्या की दिवा लावतो.

थोडक्यात, ईसीयूने धूर मोजलेला नसतो. त्याने ऑक्सिजनच्या दोन रेघा ताडून पाहिलेल्या असतात. म्हणून त्या रेघा बिघडवणारी कुठलीही गोष्ट, मग ती नळीतली फट असो, थंड पडलेलं इंजिन असो वा हेलकावणारं मिश्रण, कॅट मेल्याचा आभास निर्माण करते.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट कळते. पी-०४२० आल्यावर पुष्कळ ठिकाणी स्वस्तातला उपाय म्हणून मागचा सेन्सर बदलतात. पण म्हातारा, सुस्तावलेला मागचा सेन्सर सपाट रेघ दाखवतो, म्हणजे कॅट आहे त्यापेक्षा चांगलं असल्याचं भासवतो. मागचा सेन्सर नुसता सुस्त झाल्यामुळे पी-०४२० येणं जवळजवळ अशक्य. नवीन चपळ सेन्सर बसवल्यावर कोड उलट लवकर येतो.

पीयूसीची चिठ्ठी हे मोफत निदान आहे

पीयूसीची चिठ्ठी आपण काचेला चिकटवून किंवा फोनमध्ये ठेवून विसरतो. तिच्यावरचे आकडे वाचले तर निम्मा तपास तिथेच होतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे पाय न देता चालू इंजिनावर, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-२ आणि बीएस-३ साठी ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ ला यावर आणखी एक चाचणी असते. इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. लॅम्डा म्हणजे मिश्रणाचा तोल. १ म्हणजे बरोबर, १ च्या खाली पेट्रोल जास्त, वर हवा जास्त. (डिझेलला हे काही नसतं, तिथे धुराची काजळी मोजतात.) मशीनच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसत असतील तर ते आकडेही टिपून घ्या.

कार्बन मोनॉक्साइड चढलेला आणि लॅम्डा १ च्या खाली असेल तर इंजिन पेट्रोल जास्त पितंय. कॅटला दोष देण्याआधी ते शोधा. हायड्रोकार्बन खूप, ऑक्सिजन खूप, पण कार्बन मोनॉक्साइड कमी, असं असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. लॅम्डा १ च्या जवळ नीट, तरीही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही वर, या एकाच स्थितीत संशयाची सुई खरोखर कॅटकडे वळते. आणि ऑक्सिजन जास्त, कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या १४-१५ टक्क्यांहून बराच कमी, बाकी आकडेही संशयास्पद कमी, असं दिसलं तर सायलेन्सरला भोक आहे किंवा नळी पुरेशी आत घातलेली नाही. मशीनची नळी सायलेन्सरच्या तोंडात किमान ३०० मिलिमीटर आत जायला हवी.

थंड गाडी घेऊन पीयूसीला जाऊ नका. कॅट काम सुरू करतं ते साधारण २५०-३०० अंश तापल्यावर. घराखालून पाच मिनिटांत केंद्र गाठलं आणि तिथे रांगेत इंजिन बंद करून थांबलात तर चांगली गाडीही नापास होते. पंधरा-वीस मिनिटं चालवून, गरम असतानाच चाचणी द्या.

तपासाची सुरुवात: कोड पुसू नका

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कोड घाईने पुसण्याने. कोडसोबत ईसीयूने त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. गाडीचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की तेही जातं. आधी फोटो काढा.

डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं अ‍ॅप एवढ्यावर हे काम होतं. स्वस्त स्कॅनर एका वेळी बरेच आकडे मागितले की मंदावतो, म्हणून सेन्सरची रेघ बघताना दोनच आकडे निवडा, पुढचा सेन्सर आणि मागचा. नाहीतर नाचणारी रेघही सपाट दिसते आणि निदान चुकतं.

पी-०४२० बरोबर दुसरा कुठलाही कोड असेल तर आधी तो सोडवा. पी-०३०० ते पी-०३०४ म्हणजे मिसिंग. पी-०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी-०१७२ म्हणजे जाड. पी-०१३५ आणि पी-०१४१ हे अनुक्रमे पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या हीटरचे. पी-०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही. पी-०४२० हा बहुतेक वेळा या मंडळींच्या मागून आलेला पाहुणा असतो.

नळीतली फट

हे आधी तपासायचं, कारण याला खर्च नाही. धूर नळीतून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे दाब क्षणभर घटतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरआधी फट असेल तर त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो. फट मागच्या सेन्सरजवळ असेल तर त्याची रेघ विनाकारण डुलते आणि पी-०४२० हजर.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून स्टार्ट करा आणि कान एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांकडे, द्या. बारीक 'टिक् टिक् टिक्' असा, आरपीएमबरोबर वाढणारा आवाज येत असेल आणि दोन-तीन मिनिटांत विरत असेल, तर मॅनिफोल्डला तडा आहे किंवा गॅस्केट गेलंय. लोखंड तापून फुगलं की तडा मिटतो, म्हणून दुपारी गॅरेजमध्ये तो सापडत नाही. जोडाजवळ काजळीचा काळा, पंख्यासारखा फराटा दिसला की जागा पक्की झाली. न दिसल्यास इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकणाऱ्या बाजूने सायलेन्सरच्या तोंडाला कापडाने घट्ट बांधा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. फुगे येतील तिथे गळती. सेन्सरच्या आट्यांवर, वेल्डिंगवर, स्प्रिंगच्या बोल्टांच्या जोडावर, लवचिक जाळीदार तुकड्यावर, सगळीकडे लावा.

गॅस्केटच्या जागी साधा सिलिकॉन सीलंट थापू नका. त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर बसवते आणि सेन्सर कायमचा जातो.

थर्मोस्टॅट आहे ना?

आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायची पद्धत अजून आहे. घाटात काटा वर गेला की पुढच्या सर्व्हिसला तो काढला जातो आणि सगळे विसरतात. त्याचा परिणाम धुरावर होतो. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडाच अडकला असेल तर हायवेवर कूलंट ६०-७० अंशांवरच रेंगाळतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून तापायचंय, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. कॅट थंड, पेट्रोल जास्त, अ‍ॅव्हरेज कमी. स्कॅनरवर कूलंटचं तापमान ८५ ते ९५ अंशांत स्थिर होतंय का बघा. होत नसेल तर थर्मोस्टॅट घाला, आणि गाडी तापण्याचं खरं कारण, म्हणजे रेडिएटर, पंखा किंवा हेड गॅस्केट, वेगळं शोधा.

तापमानाचा सेन्सरही खोटं बोलू शकतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर जवळपास सारखं यायला हवं. हवा २६ आणि कूलंट ५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्शन गेलंय. पावसाळ्यानंतर हिरवट बुरशी चढलेले कनेक्टर आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे दोन्ही आपल्या हवामानातले नेहमीचे दोषी आहेत, तेव्हा सेन्सर विकत घेण्याआधी वायर हाताने चाचपून बघा.

ट्रिम वाचणं

ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय ते ट्रिममध्ये दिसतं. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म ट्रिम ही त्याने लावून घेतलेली सवय. दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. सध्याच्या पेट्रोलमुळे इथे एक सवलत द्यावी लागते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून ई-२० पेट्रोलचं योग्य प्रमाण १४.७ ऐवजी साधारण १३.५ वर येतं. ई-१० साठी बनवलेल्या गाडीत नुसत्या या बदलाने ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर सरकतो. तेवढ्यासाठी इंजिन उघडू नका.

ट्रिम आयडलला आणि मग २५०० आरपीएमवर, दोन्हीकडे बघा. आयडलला खूप अधिक आणि रेस दिल्यावर सुधारतो, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय. आयडलला ठीक आणि जोर लावल्यावर वाढत जातो, तर पेट्रोलच कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर बघा. बहुतेक एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत पेट्रोलचा दाब ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक परदेशी व्हिडिओंत सुटतो. आपल्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा थेट मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर नसतो. इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा गाडीत फटीतून हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाबही वाढतो, ईसीयूला ती हवा कळते आणि तो पेट्रोल वाढवतो. त्यामुळे ट्रिम फारसा न हलता आयडलच चढतं. तेव्हा मॅप सेन्सरचा आकडा बघा. एसी बंद, इंजिन गरम, आयडलला साधारण ३० ते ४० किलोपास्कल असावा. ४५-५० असेल तर व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ परत हवेच्या नळीत सोडणारा) आणि इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासा. सुईचा व्हॅक्यूम गेज असेल तर समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच हे चांगलं लक्षण. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे दीड-दोन इंच कमीच दिसेल. तो दोष नव्हे.

ट्रिम उणे १५-२० असेल तर पेट्रोल जास्त येतंय. गळका इंजेक्टर, जास्त दाब, आणि आपल्याकडे बऱ्याचदा दुर्लक्षित राहणारा पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह ती हळूहळू इंजिनात सोडतो. पंपावर नोझल आपोआप थांबल्यावरही "राउंड फिगर करा" म्हणून काठोकाठ भरलं, तर पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. कोळसा भिजतो आणि इंजिन पेट्रोलचे घोट घेत चालतं. तपासायला सोपं आहे. व्हॉल्व्हची वायर काढा आणि नळीतून फुंका, हवा आरपार जाता कामा नये. जात असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. नोझल एकदा थांबलं की पुढे भरू नका.

मिसिंग, म्हणजे कॅटचा खरा शत्रू

एका सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली की तिथलं सगळं पेट्रोल आणि सगळी हवा तशीच कॅटमध्ये जाते आणि तिथे जळते. विटेचं तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाऊ शकतं. भोकं वितळून एकमेकांना चिकटतात. दिवा पिवळा सतत लागलेला असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर ईसीयू सांगतोय की आत्ता, या क्षणी कॅट जळतंय. पाय हलका करा, बाजूला घ्या.

मिसिंग शोधायला कॉइलची अदलाबदल पुरते. पी-०३०३ आलाय, म्हणजे तिसरा सिलिंडर. त्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा. कोड पी-०३०१ झाला तर कॉइल दोषी. नाही झाला तर तीच गंमत प्लगची करा, मग इंजेक्टरची. प्लग काढल्यावर पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी रेघ दिसते का ते उजेडात फिरवून बघा, ठिणगी तिथूनच पळत असते. गॅप फीलर गेजने मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. तरीही तिसराच सिलिंडर चुकत राहिला तर कॉम्प्रेशन घ्या. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी हे दुप्पट महत्त्वाचं. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून थकलेले प्लग आणि कॉइल आधी सीएनजीवर उघडे पडतात. तपास दोन्ही इंधनांवर वेगवेगळा करा. दोष फक्त सीएनजीवर दिसत असेल तर प्लग-कॉइल, किटचा रिड्यूसर, इंजेक्टर आणि ट्यूनिंग बघा. शिवाय गॅसवर सतत पळालेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची, फट आटते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं. अशा गाडीत प्लग बदलत राहून काही होत नाही, टॅपेट मोजावेच लागतात.

ऑइल

इंजिन ऑइलमध्ये झीज रोखणारं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग असतं. ऑइल जळलं की फॉस्फरस कॅटच्या धातूंवर काचेसारखा थर बसवतो आणि तो निघत नाही. १००० किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर ऑइल टाकावं लागत असेल तर नवीन कॅट बसवणं म्हणजे पैसे नळीतून सोडून देणं. पीसीव्ही व्हॉल्व्ह आधी बघा, तो स्वस्त आहे आणि अडकला की ऑइल ओढतो. मग व्हॉल्व्ह सील, शेवटी रिंग. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर आणि नंतर नाही, हे बहुधा सीलचं लक्षण.

ऑइल गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला. पेट्रोल गाड्यांच्या अलीकडच्या हलक्या ऑइलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखलेला असतो. ट्रक-ट्रॅक्टरसाठीच्या डिझेल ऑइलात तो जास्त असू शकतो, म्हणून "घट्ट ऑइल घाला, धूर थांबेल" हा सल्ला कॅटला महागात पडतो.

आता कॅटकडे

एवढं सगळं नीट निघालं, मिश्रण तोलात आहे, मिसिंग नाही, गळती नाही, आणि तरीही गरम इंजिनावर २५०० आरपीएमला मागच्या सेन्सरची रेघ पुढच्याबरोबर नाचतेय. मग कॅटच गेलं, असं खात्रीने म्हणता येतं.

गाडीत दम नाही, चढावर घुसमटते, असं असेल तर ते चोंदलंय का हेही बघा. पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज बसवा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० ला तीनच्या आत असावा. जास्त असेल तर वीट वितळलीय किंवा तुटून आडवी पडलीय. थंड असताना रबरी हातोड्याने हलकेच टकटक करा, आत खुळखुळ वाजलं तर वीट फुटलीय. मात्र बाहेरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, सैल असेल तरी असाच आवाज येतो, तो हाताने दाबून धरून पुन्हा वाजवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं-मागचं तापमान मोजून निदान करणाऱ्यांवर फार विसंबू नका. चांगल्या चालणाऱ्या इंजिनात जाळायला फारसं उरतच नाही, त्यामुळे चांगल्या कॅटमध्येही फरक थोडाच दिसतो.

कॅट काढून साबणाच्या, थिनरच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचे उपाय पुष्कळ फिरतात. वरची काजळी निघते, फॉस्फरसचा थर निघत नाही आणि वितळलेली वीट परत उभी राहत नाही. कॅट काढून सरळ पाइप घालणं, किंवा मागच्या सेन्सरखाली लांब नळकांडी घालून ईसीयूला फसवणं, हे तर करूच नका. गाडीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जातो, आणि तो धूर तुमच्याच गल्लीतली माणसं घेतात.

नवीन कॅट घेताना तुमच्या मॉडेलचं, बीएस-४ चं घ्या. स्वस्त, कुठल्याही गाडीला बसणाऱ्या कॅटमध्ये धातू आणि सेरियम कमी असतं. पीयूसी पास होते, पण ईसीयूची कसोटी मूळ कॅटच्या हिशोबाने ठरलेली असल्यामुळे दिवा लवकरच परत येतो. जुनं कॅट परत मागा, त्यातल्या धातूला किंमत आहे. जोडांना नवीन गॅस्केट आणि शक्यतो नवीन बोल्ट घाला.

सेन्सर सोडवायला २२ चा, बाजूला खाच असलेला सॉकेट लागतो. आटे गंजून बसलेले असतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि नळी कोमट असताना फिरवा. जबरदस्तीने आटे फाटले तर नळीच बदलावी लागते. नवीन सेन्सरच्या आट्यांना आधीच ग्रीस लावलेलं नसेल तर अँटी-सीझ पेस्ट फक्त आट्यांना लावा, टोकाला बोटही लावू नका. साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर पुरे. सेन्सरच्या हीटरचा कोड असेल तर नवीन घेण्याआधी फ्यूज बघा आणि मल्टीमीटरने हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. थंड असताना तो काही ओहमांत यायला हवा, अनंत आला तर हीटर तुटलाय.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. पुसल्याबरोबर ईसीयूच्या सगळ्या स्वयंचाचण्या कोऱ्या होतात, म्हणून दिवा विझला याचा अर्थ दोष गेला असा होत नाही. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा, दोन-तीन मिनिटं आयडल, मग शहरातून तापवत हायवेवर जाऊन ६० ते ८० च्या स्थिर वेगाने दहा-पंधरा मिनिटं चालवा. मधूनमधून पाय सोडून, ब्रेक न लावता गिअरमध्येच वेग उतरू द्या. स्कॅनरच्या रेडीनेसच्या पानावर कॅटॅलिस्टसमोर 'पूर्ण' आलं की ईसीयूने नवीन परीक्षा घेतली असं समजा. ते आल्यावरही कोड परतला नाही, तेव्हाच काम झालं.

त्याच दिवशी गरम गाडीने पीयूसी काढा आणि चारही आकडे डायरीत लिहा. बीएस-४ गाडीला प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्यामुळे पुढची चिठ्ठी बारा महिन्यांनी हातात येईल. ट्रिम मात्र दर सर्व्हिसला बघून त्याच पानावर टिपत जा, ऑइल किती टाकलं तेही. आकडा सरकायला लागला की दिवा लागण्याच्या कितीतरी आधी कळतं, आणि तेव्हा काम बहुतेक वेळा एखाद्या प्लगवर, नळीवर किंवा गॅस्केटवर भागतं.